टीडीएस १८० आला, आरओ घ्यायचा का?

प्रश्न: इमारतीतले पाइप जुने आहेत. विक्रेत्याने टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) मोजणारा मीटर बुडवून १८० दाखवला आणि आरओच घ्या म्हणाला. घरात तान्हं बाळ आहे, फार काळजी वाटते.

उत्तर: १८० अजिबात जास्त नाही. तो आकडा मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या क्षारांचा. जुन्या पाइपांमुळे खरी काळजी शिशाची. जागतिक आरोग्य संघटनेची शिशाची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. त्याच्या कितीतरी पट शिसं असलं तरी हा मीटर हलायचा नाही! रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्याचा पहिला नमुना प्रयोगशाळेत द्या, दुसरा नळ थोडा वेळ वाहू दिल्यावर घ्या. पहिल्यातच शिसं जास्त निघालं, तर बहुधा ते घरातल्या पाइपातून किंवा नळातून येतंय. अहवाल येईपर्यंत बाळासाठी बाटलीबंद पाणी वापरा.

प्रश्नकर्ती: उकळून नाही चालणार?

उत्तर: जंतूंसाठी चालेल. शिसं आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, पाणी आटलं की उलट त्यांचं प्रमाण वाढतं. यूव्ही (अतिनील किरणांचं यंत्र) सुद्धा फक्त जंतूंसाठीच.

आणखी एक: शिसं निघालं तर कार्बन ब्लॉक (दाबलेल्या कोळशाचा फिल्टर) पुरेल, पण त्याच्या एनएसएफ ५३ (फिल्टरचं अमेरिकी मानक) प्रमाणपत्रात शिशाचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसतं ४२ म्हणजे क्लोरीनची चव-वास. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर आरओ घ्या, नाहीतर पाणी उगाच वाया जातं. कार्ट्रिज मात्र वेळेवर बदला.