नववी-दहावीच्या पोरांना फोटोग्राफी शिकवायलोय, विषय कसे देऊ?

चित्रकलेचे_सर
नमस्कार. सोलापुरात शाळेवर चित्रकला शिकवतो. यंदा शनिवारी नववी-दहावीच्या पोरांचा फोटोग्राफीचा तास सुरू केलाय, २२ पोरं, घरून आणलेले ७ मोबाईल आणि माझा एक जुना डीएसएलआर कॅमेरा. दर आठवड्याला विषय देतो पण 'निसर्ग' म्हटलं की जास्वंद, 'सोलापूर' म्हटलं की सगळे सिद्धेश्वर तळ्याकाठी उभारून तोच देवळाचा फोटो, वर आकाश पांढरंफट्ट. काय करू?

धोटा_०७
सर विषय लई मोठे देताय. 'सोलापूर' हा काय विषय झाला का. एका वेळी एकच अडचण द्या की. आमचे पॉवरलूम म्हणजे विजेवरचे माग आहेत म्हणून सांगतो, 'हलणारं' हा विषय द्या. मोबाईलच्या प्रो मोडला (सगळं हातानं ठरवायचं ते सेटिंग) शटर १/५०० सेकंद ठेवलं की धोटा (मागावर इकडून तिकडं पळणारी दोऱ्याची नळी) बराचसा थांबल्यासारखा दिसतो पण फोटो काळोखा, आयएसओ (उजेड टिपायची ताकद) वाढवला की दाणे येतात, वर जुन्या चोकवाल्या ट्यूबमुळे आडवे पट्टे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० वर आणा, पट्टे गेले आणि धोट्याचा नुसता फराटा उमटतो. मोबाईल मागावर टेकवू नका फक्त, तो हादरतो, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवा.

बाराबंदी
'पांढरं' द्या. ऑटोवर कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, म्हणून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या (बंद बांधायचे अंगरखे) फोटोत मळकट दिसतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +१ करायचं. जत्रा जानेवारीत, तोवर पांढऱ्या ताटात ज्वारीचं पीठ घेऊन करू दे घरी. तुमच्या तळ्याच्या फोटोत उलटं झालंय, पोरं स्क्रीनवर सावलीतल्या देवळावर बोट ठेवतात, कॅमेरा तिथला उजेड धरतो म्हणून आकाश पांढरं होऊन उडतं. आकाशावर ठेवायला सांगा, नाहीतर सरळ सकाळी ७ ला बोलवा.

विडीघरकूल_वाली
मोजून १२ फोटो द्या, डिलीट बंद. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये ३६ फोटो असायचे तेव्हा माणूस बटण दाबायच्या आधी विचार करायचा.
आणि एक, माणसांचे फोटो विचारूनच. माझी आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, कुणीतरी न विचारता फोटो काढला, पुढं तो एका प्रदर्शनात लागला आणि खाली लिहिलेलं 'गरिबी'. आजी म्हणाली, मी गरीब कवा झाले गं? दोन पोरींची लग्नं केली होती तिनं त्या सुपावर. तेव्हा आधी 'हात' हा विषय द्या, चेहरे नंतर. पोरांना बोलत बसावं लागतं त्यात.

चित्रकलेचे_सर
शनिवारी 'पांढरं' दिलं, १२ फोटोच. एका पोरीनं दोरीवर वाळत घातलेला टॉवेल +१ करून आणलाय, कडेच्या उन्हात त्याच्या धाग्यांचे लूप मोजता येतात. तिघांनी परत तळंच आणलं. का रे म्हटलं तर म्हणे, सर आकाश पांढरंच आहे की.