थांबला नाही म्हणून गोळी?

29 सप्टेंबर 2018च्या पहाटे लखनौच्या गोमतीनगरात मोटार थांबवली नाही म्हणून एका पोलीस शिपायाने गोळी झाडली आणि चालकाचा जीव गेला. त्या घटनेबद्दल ‘थांबला असता तर वाचला असता’ असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 46 (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43) अटकेला विरोध झाल्यास आवश्यक ते बळ वापरू देते. मात्र ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोपच नाही, त्याला ठार मारण्याचा अधिकार देत नाही.

उरतो स्वसंरक्षणाचा दावा, जो त्या शिपायानेही केला होता, आणि खरी मेख तिथेच आहे. मुंबईत नाकाबंदीला लोखंडी अडथळे आडवेतिडवे लावून रस्ता नागमोडी करतात, त्यामुळे वेग आपसूक मंदावतो आणि पोलिसाला खिडकीपाशी, कडेला उभे राहून कागदपत्रे मागता येतात. ऐनवेळी गाडीसमोर येणारा मात्र निम्मा धोका स्वतःच ओढवून घेतो. (आपल्याकडे पोलिसाला बॉनेटवर फरपटत नेणारे महाभागही आहेत, हे मान्यच.) गाडी थांबली नाही, तर नंबर टिपून पुढच्या नाक्याला कळवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

राहिला चौकशीचा मुद्दा. मुंबई पोलिसांच्याच चकमकींवरून उद्भवलेल्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पोलीस चकमकीतील मृत्यूंचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, असे बजावले आहे. नाक्यावरच्या गोळीबारालाही हाच दंडक लावायला हवा.