सगळा दोष नारळाचा नाही
या चर्चेत एकांनी गोंयकारांच्या हार्ट अटॅकचं सगळं खापर हुमणातल्या (माशांच्या आमटीतल्या) नारळावर आणि वंशावर फोडलंय. वंशाचं मान्य. 52 देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका साधारण 53व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना 58-59च्या आसपास. पण त्याच अभ्यासाने तंबाखू आणि मधुमेहाच्या जोडीला मनावरचा ताण आणि नैराश्यही धोक्यांत धरलं होतं, त्याबद्दल इथे कुणी अवाक्षर काढलं नाही.

आमच्या फोंड्याच्या मामांची अँजिओप्लास्टी झाली. नंतर मामा कुळागरात (नारळी-पोफळीच्या बागेत) फिरकेनात, भजनाची पेटी खोळीतच. विचारलं तर "छाती भरल्यासारखी वाटते." तीनदा ईसीजी काढला, तिन्ही चांगले. शेवटी मामीनेच डॉक्टरांना सांगितलं, हे पहाटे तीनला उठून ओसरीवर बसतात. तेव्हा कुठे नैराश्याचे उपचार सुरू झाले. (आपल्याकडे 'उदास वाटतं' म्हणतो कोण? पित्त झालंय म्हणतात!) गोव्यातच झालेल्या 'मानस' चाचणीत, 2010 साली तिचे निष्कर्ष आले, सरकारी आरोग्य केंद्रांतल्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांचा चांगला उपयोग झाला होता. मामा आता पेटीवर बसतात. काळी चारच्या पट्टीत सुरू करून मध्येच घसरतात, ते आधीपासूनचंच.