युद्धावरून परतलेल्यांना ड्रायव्हिंगसाठी थेरपी? जरा अतीच नाही का?

चक्रधर:
इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना गाडी नीट चालवता यावी म्हणून ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार) देतात म्हणे. ज्यांनी सुरुंग पेरलेल्या रस्त्यांवर हम्वी, म्हणजे लष्करी गाड्या हाकल्या, त्यांना! बेदरकार चालवत असतील तर चारचौघांसारखी पावती फाडा, लायसन्स काढून घ्या. थेरपी कसली?

वाटसरू:
हम्वी हाकल्या म्हणूनच तर! तिथे रस्त्याच्या मधोमध, भरधाव, काही झालं तरी न थांबता जायचं. कडेला खोकं दिसलं की बॉम्बचा संशय. पुलाखाली एका लेनमधून शिरायचं, दुसरीतून बाहेर पडायचं, वरच्याचा नेम चुकावा म्हणून. त्याने जीव वाचले. घरी आल्यावरही हात तेच करतात. पावती हातांना कशी कळणार? सैनिकांचा विमा उतरवणाऱ्या 'यूएसएए'ने २०१२मध्ये आकडे जाहीर केले: परतल्यानंतरच्या सहा महिन्यांत, जाण्याआधीच्या सहा महिन्यांपेक्षा, स्वतःच्या चुकीने झालेले अपघात १३ टक्के जास्त.

चक्रधर:
कित्येक महिने वेगळ्याच रस्त्यांवर असलेला कोणीही आल्या आल्या चार चुका करणारच. तरुण पोरं, साठलेला पगार, नवी मोटारसायकल... यात युद्ध किती आणि वय किती? शिवाय सरसकट सगळ्यांना पेशंट ठरवलंत की नोकरी देणारे मागे सरतात.

स्नेहल_ओटी:
शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी याच कामात आहे आणि 'आजार' हा शब्द टाळते. पण पाय गमावलेल्याच्या गाडीत हाताने चालणारा ब्रेक बसवला तर कोणी हसत नाही, मग इथेच का?

एकाला सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यासमोरच्या नकली गाडीत बसवलं होतं. उजव्या कडेला कचऱ्याची पिशवी आली आणि गाडी सरळ समोरून येणाऱ्या लेनमध्ये. पाय ब्रेककडे गेलाच नाही. रेकॉर्डिंग दाखवलं तर म्हणाला, "हे मी केलं?" मग त्याला बोलत बोलत चालवायला लावलं: "उजवीकडे पिशवी, सपाट आहे, मागे लाल गाडी, वेग पस्तीस." तोंडाने सांगायचं म्हटलं की डोळ्यांना नीट बघावंच लागतं.

आडवाट:
मला थेरपीचं वावडं नाही, सिम्युलेटरचं आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या शेरिलीन क्लासेन यांच्या गटाने असा उपक्रम तपासला, चुका कमी झाल्या, पण सिम्युलेटरवरच्या! तिथे कोणी मरत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. आणि रात्रभर झोप नसलेल्या माणसाला आधी मानसोपचार हवेत.

स्नेहल_ओटी:
झोपेचं खरंय, तिथे आम्ही एकटे पुरे पडत नाही. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला सौम्य इजा झालेली असते, तेव्हा नजर, लक्ष, प्रतिसादाचा वेग तपासल्याशिवाय मी कोणाला स्टीअरिंगला हातही लावू देत नाही. सिम्युलेटरनंतर खरा रस्ता असतोच, माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवून.

चक्रधर:
बरं. पण मुळात तो तुमच्याकडे येतो कशाला? त्याला तर आपण उत्तम चालवतो असंच वाटतं ना?

स्नेहल_ओटी:
तो नाही येत हो. शेजारच्या सीटवर बसणारी बायको घेऊन येते. माझा पहिला प्रश्नही तिलाच असतो: पूल आला की तुम्ही दाराची कडी धरता का?