गोव्यातला सूर्यास्त, बोट आणि दोघंच : तुमचे अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. त्यानंतर ती दोघं चार दिवस गोव्याला जाणार आहेत. परवा तिने फोनवर विचारलं, "ताई, सूर्यास्ताची बोट कुठली घेऊ गं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

आमचं असं झालं. सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर, लग्नाला जेमतेम तीन आठवडे झालेले. पणजीला मांडवीच्या धक्क्यावरून संध्याकाळी तासाभराच्या सफरीच्या बोटी सुटतात, त्यातल्या एकीची तिकिटं काढली. वरचा डेक, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर छोटा रंगमंच. देखणी (गोव्याचा लोकनाच) आणि फुगडी करणाऱ्या मुली तयारीच्या होत्या, त्यांचा नाच मी मनापासून पाहिला. मग स्पीकरवर गाणी लागली. "आता फक्त जोडप्यांनी पुढे यायचं" असा पुकारा झाला आणि एकमेकांच्या घरची माणसंही अजून नीट ठाऊक नसलेले आम्ही दोघं एवढ्या अनोळखी लोकांसमोर जाऊन उभे राहिलो. नवऱ्याने माझ्या कानाशी येऊन काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. तीनदा विचारलं, तीनदा ऐकू आलं नाही. शेवटी त्याने हातानेच "राहू दे" म्हटलं. डाव्या हाताला मिरामारच्या झाडांमागे सूर्य गेला, तेव्हा बोटीवरच्या बहुतेकांची त्याच्याकडे पाठ होती.

तेव्हा काय विचारलं होतं ते त्याला आता आठवत नाही. मला मात्र ती गोष्ट अजून लागून राहिली आहे.

म्हणून विचारते. एकमेकांचं बोलणं ऐकू येईल अशी बोट तुम्हाला गोव्यात मिळाली का? कुठून सुटली, कोण होतं, काय झालं, सगळं सविस्तर लिहा. हॉटेलांची यादी नको.

रायबंदरहून

मी रायबंदरची. ताई, बहिणीला आमच्या फेरीबोटीत बसवा. रायबंदर ते मांडवीतलं चोडण बेट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही आणि पलीकडे पोचायला दहाएक मिनिटं पुरतात. २०२५ पासून या मार्गावर नवी रो-रो फेरीही धावते, पण मला अजून आमची जुनी उघडीच आवडते.

इंजिनाचा आवाज असतो, खोटं कशाला सांगू. पण पुढे फळीच्या बाजूला कठड्याशी उभं राहिलं की वारा तो आवाज मागे नेतो. कामावरून परतणारी माणसं, पिशवीतून डोकावणारी बांगड्यांची शेपटं, स्कूटरवर पेंगणारं पोर, हे सगळं भोवती असतं आणि तुमच्याकडे कोणी बघत नाही. जोडप्याला याहून मोठा एकांत आमच्या गावात तरी मिळत नाही. पश्चिमेला मांडवीवरच्या अटल सेतू पुलाच्या तारा दिसतात. थंडीत सूर्य पणजीच्या टेकडीच्या बाजूने उतरतो आणि नदीचं पाणी तांब्याच्या घंगाळासारखं दिसायला लागतं.

चोडणला उतरून लगेच परतू नका. तिथेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरही नाही, सगळी खारफुटी. संध्याकाळी बगळे रांगा धरून झाडांवर उतरतात. दोन फेऱ्या सुटू द्या, तिसरीने काळोखात परत या. खारफुटीच्या आत होडीतून जायचं असेल तर सकाळी जा, आणि भरती बघून जा. सुकती असली की आत चिखलच.

लग्नाआधी आम्ही दोघं याच फेरीत भेटायचो. तो चोडणहून यायचा, मी रायबंदरच्या धक्क्यावर थांबायचे, आणि उतरायच्या ऐवजी तो मला आत ओढून परत चोडणला न्यायचा.

सांगलीहून

रायबंदरच्या ताईंचं वाचून बरं वाटलं. माझी गोष्ट जरा वेगळी आहे.

२०१९ च्या पुरात आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं होतं. बाबा, आई, आजी आणि मी, चौघांना होडीतून बाहेर काढलं. रात्र होती, वरून पाऊस. ज्या गल्लीत मी सायकल शिकले त्या गल्लीतून आमची होडी चालली होती आणि विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या जवळ होत्या. तेव्हापासून होडी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. लग्न झालं तरी हे मी नवऱ्याला नीटसं सांगितलं नव्हतं.

आम्ही काणकोणला पाळोळ्याच्या किनाऱ्यावर उतरलो होतो. त्याला सूर्यास्ताला समुद्रात जायचं होतं. तिथे धक्का नाही, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढावं लागतं. पहिल्या होडीवाल्याकडे मी जाकीट मागितलं. "अर्ध्या तासाचं तर काम आहे, जाकीट कशाला," असं तो म्हणाला. मी तिथेच थांबले. पाय पुढे टाकवेना. नवऱ्याने मला एका शब्दाने काही विचारलं नाही, पाण्यातून माझ्याबरोबर मागे आला. त्या क्षणी हा माणूस माझा झाला, असं मी आजही म्हणते.

पुढे एक वयस्कर तांडेल भेटले. त्यांनी स्वतः माझ्या जाकिटाचे बंद आवळले आणि मला मधल्या फळीवर बसवलं. होडीला एका बाजूने उलांडी बांधलेली होती, म्हणजे पाण्यावर तरंगणारा आडवा लाकडी ओंडका. ती बोटाने दाखवून म्हणाले, "ही आहे तोवर होडी कलंडत नाही, बाय." मला फक्त धीर द्यायचा असता तर "भिऊ नको" म्हणून ते मोकळे झाले असते. त्यांनी होडी कशी उभी राहते ते समजावलं, आणि माझी भीती निम्मी झाली.

टेकडीचं टोक ओलांडल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. मी तसं सांगितलं नव्हतं. होडी नुसती डुलत होती, पाणी लाकडाला चापट्या मारत होतं. सूर्य बुडाला आणि मी नवऱ्याला ती पुराची रात्र पहिल्यांदा सांगितली, आजीने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ओच्यात बांधून आणला होता इथपर्यंत. तांडेल आमच्याकडे पाठ करून बसले होते. अंधार पडेपर्यंत ते वळले नाहीत.

रत्नागिरीहून

दर्यावर वाढलेला माणूस आहे, म्हणून थोडं कामाचं लिहितो.

गोव्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य ६ च्या आसपास बुडतो, मेअखेर ७ च्या आसपास. बुडाल्यावर आणखी वीस-बावीस मिनिटं आकाशात चांगला उजेड राहतो आणि खरे रंग त्यातच चढतात. बहुतेक सफरी नेमक्या तेव्हाच बोट वळवतात. चढण्याआधीच सांगून ठेवा, "सूर्य गेल्यावर थोडं थांबायचं." खुल्या समुद्रात दुपारनंतर वारा दर्यावरून जमिनीकडे सुटतो, त्यामुळे संध्याकाळी लाटा सकाळपेक्षा जास्त असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी नदीच निवडावी. जून ते ऑगस्ट होडीतून समुद्रात जायचा विचारही करू नये. होडीत किती माणसं घ्यायची त्याला मर्यादा असते. त्याहून एक जरी जास्त बसवलं तरी उतरून या, पैसे बुडाले तरी चालतील.

आणि डॉल्फिनच्या मागे होडी पळवायला सांगू नका. इंजिन मंद करून गप्प बसलं तर ते आपणहून वर येतात. पाठलाग केला की लांब जातात, पिलं बरोबर असली तर त्यांचे हाल होतात.

नाशिकहून

माझी पत्नी व्हीलचेअर वापरते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस गोव्यात करायचा ठरवला आणि सूर्यास्ताच्या बोटीसाठी तीन ठिकाणी चौकशी केली. दोघांनी नाही म्हटलं. तिसरीकडचे म्हणाले, "चार जण उचलून ठेवू." तिला कोणी उचललेलं आवडत नाही आणि मलाही ते नको होतं.

मग फेरीबोट सुचली, ओल्ड गोव्याहून दिवाडी बेटाला जाणारी. फेरीची पुढची फळी सरळ धक्क्याच्या उतारावर टेकते, तिच्यावरून गाड्या चढतात, मग खुर्ची का नाही चढणार? फक्त ओहोटीला उताराचा जास्त भाग उघडा पडतो आणि तो शेवाळाने निसरडाही असतो. त्यामुळे भरतीची वेळ पाहून गेलो. खलाशाने पुढच्या दोन स्कूटर थांबवल्या आणि आम्हाला आधी आत घेतलं. कठड्याला लावून खुर्चीचे ब्रेक लावले. ती पुढे, मी तिच्या शेजारी उकिडवा.

त्या एका संध्याकाळी आम्ही चार वेळा आलो-गेलो. चौथ्या खेपेला खलाशाने विचारलं, "काय शोधताय?" ती म्हणाली, "काही नाही, बसलोय."

सावंतवाडीहून

केरी-तेरेखोलची फेरी. एवढंच पुरे होतं, पण लिहितो. खाडीचं मुख, वर तेरेखोलचा किल्ला. तो मूळचा आमच्या सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला, १७४६ साली पोर्तुगीजांकडे गेला. खाली फेरी. साखरपुडा झाला तेव्हा माझा पगार बेताचा होता, पेट्रोल आणि दोन वडापाव एवढंच बजेट. फेरीच्या कठड्याला टेकून दोघांनी समोर उघड्या समुद्रात सूर्य बुडताना पाहिला. अजून दरवर्षी त्या तारखेला जातो. आता पोरगी मध्ये उभी असते.

मुंबईहून, मूळच्या गिरगावच्या

तुम्ही सगळी तरुण मंडळी. माझं वय सत्तरीच्या पुढे. नातवाने धागा वाचून दाखवला आणि म्हणाला, आजी, तू सांग. मी सांगते, तो लिहितो आहे.

आमचं लग्न १९७४ चं. चाळीत दोन खोल्या, माणसं नऊ. लग्न होऊन महिना झाला तरी यांच्याशी चार वाक्यं सलग बोलले नव्हते. हनिमून हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नसता. पण कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, तिचं दर्शन झाल्याशिवाय संसार सुरू व्हायचा नाही असं सासूबाईंचं म्हणणं. तर आम्ही तिघं निघालो. सासूबाई, हे आणि मी.

तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून पणजीला बोट जायची. सकाळी निघायची, दुसऱ्या दिवशी पोचायची. डेकवर सतरंज्या टाकून जागा धरायच्या, पत्र्याच्या ट्रंका, फिरकीचे तांबे, कोणाच्या करंडीत कोंबड्या. अलिबाग मागे पडलं आणि सासूबाईंना बोट लागली. लिंबू चोखायला दिलं, आलं दिलं. दुपारी त्या गुंगीतच झोपल्या, त्या संध्याकाळ टळली तरी उठल्या नाहीत. देवीनेच ते केलं असं मी मानते.

हे मला म्हणाले, "चल, कठड्याशी उभं राहू." रत्नागिरी अजून यायची होती. एका बाजूला किनाऱ्याची काळी रेघ, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. एवढा मोठा सूर्य मी कधी पाहिला नव्हता, चाळीतून तो दिसायचाच नाही. आम्ही दोघं एका हाताचं अंतर ठेवून उभे होतो, कारण लोक होते. सूर्य बुडाला, गार वारा सुटला, यांनी स्वतःची शाल काढून मला दिली आणि ती देताना ते अंतर संपलं. मग पुष्कळ बोललो. रत्नागिरीला बोट थांबली तेव्हा रात्र झाली होती. उतारूंना न्यायला पडाव आले, त्यांचे कंदील पाण्यावर हलत होते, आणि आमचं बोलणं चालूच होतं.

सकाळी बोट मांडवीत शिरली. डाव्या हाताला आग्वादचा किल्ला, पुढे रेईस मागोसचा, आणि पणजीजवळ नवाकोरा पूल. तो पुढे १९८६ साली कोसळला. गोवा मुक्त होऊन बारा वर्षं झाली होती. सासूबाई ताज्यातवान्या उठल्या आणि म्हणाल्या, "किती शांत झोप लागली." आम्ही दोघं रात्रभर जागे होतो, हे त्यांना कधी कळलं नाही.

ती बोट बंद होऊन किती वर्षं झाली. हे जाऊनही आता नऊ वर्षं होतील.

धागाकर्तीकडून

आजी, तुमचं लिहिणं बहिणीला जसंच्या तसं पाठवलं. ती दोघं आता चोडणची फेरी घेणार आहेत, आणि एक दिवस पाळोळ्याला जाऊन तसे तांडेल भेटतात का बघणार आहेत. माझ्या नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, जानेवारीत आपणही जाऊ आणि मी तुला परत काहीतरी विचारेन.

एक विचारू का? आवडलं नाही तर उत्तर देऊ नका. त्या संध्याकाळी तुम्ही काय बोललात?

मुंबईहून

नातवाला बाहेर पाठवून हे मी स्वतः टाइप करते आहे, वेळ लागतो आहे.

तेव्हा लग्नात मुलीचं नाव बदलायचे. तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. माझं माहेरचं नाव महिनाभरात कोणी घेतलं नव्हतं. कठड्याशी उभं असताना यांनी पहिली गोष्ट हीच विचारली. "तुला घरी काय म्हणून हाक मारायचे?"

मी सांगितलं. त्यांनी ते हळूच एकदा म्हणून पाहिलं. पुढे बेचाळीस वर्षं आम्ही दोघंच असलो की ते मला त्याच नावाने हाक मारत. ते नाव इथे लिहीत नाही.