गावी एकट्या राहणाऱ्या आईसाठी चाकांचा रोबो घ्यावा का?

प्रश्न (मूळ गाव सेलू, सध्या पुणे)
माझी आई ७४ वर्षांची असून आमच्या जुन्या माळवदाच्या घरात एकटीच राहते. व्हिडिओ कॉल तिला जमतो. परंतु फोन हातात धरून बोलताना निम्मा वेळ मला तिच्याऐवजी माळवदाची लाकडेच दिसतात. म्हणून चाकांवर उभा पडदा असलेला, पुण्यातून मला चालवता येईल असा रोबो घ्यावा असे मनात आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (लातूर)
आपण म्हणता त्या प्रकारातला ‘डबल’ हा रोबो दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळत फिरतो, पण तो सपाट फरशीसाठी घडवलेला आहे. ओसरीतून आतल्या खोलीत जाताना लागणारा आपल्याकडचा उंबरा त्याला ओलांडता येणार नाही. शिवाय वीज गेल्यावर रोबो बॅटरीवर उभा राहील, मात्र राउटर बंद पडल्याने आपण त्यात नसाल. इन्व्हर्टरचा खर्च आधी धरावा.

उत्तर (बीड, शिक्षिका)
माझ्या वर्गातील काही मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुले आजीजवळ राहतात, त्यामुळे हा विषय मला उलट्या बाजूने परिचित आहे. नॉर्वेतील ‘एव्ही१’ हा रोबो आजारी मुलाच्या जागी वर्गात बसतो. मुलाला वर्ग दिसतो, परंतु वर्गाला मुलाचा चेहरा दिसत नाही, कारण आजारपणात आपल्याला कोणी पाहू नये असे त्याला वाटू शकते. कोणी कोणाला केव्हा पाहायचे, याचा विचार तेथे यंत्र घडवतानाच झाला आहे. आपण मात्र आईंच्या घरात न विचारता फिरणार आहात. त्या न्हाणीघरातून येत असतील तर? दार वाजवण्याची सोय त्या रोबोत आहे का, हे पाहावे.

उत्तर (नांदेड)
एक सावधगिरी: अमेरिकेतील ‘जिबो’ हा घरगुती रोबो २०१७ मध्ये ग्राहकांच्या हाती आला आणि आपले सर्व्हर बंद होणार असल्याचे २०१९ मध्ये त्याला स्वतःच मालकांना सांगावे लागले. कंपनीच्या सर्व्हरवाचून न चालणारे यंत्र आईंना लळा लागेल अशा कामाला घेऊ नये.

प्रश्नकर्ता
ताईंचे म्हणणे वाचून आईला प्रथमच विचारले. ती म्हणाली, “ते गाडं कशाला बाबा? देवळीत फोन ठिव, मी समोर बसते.” रविवारी गावी जाऊन देवळीत टॅबलेट बसवतो, रात्री आठचा कॉल तेवढा आपोआप उचलला जाईल, एरवी नाही.