मदत हवी आहे : झिरो टर्न मोवर आमच्याकडच्या पावसात चालेल का?

नमस्कार मंडळी. झिरो टर्न, म्हणजे वर बसून चालवायचा, जागच्या जागी वळणारा गवत कापायचा मोवर घ्यायचा विचार आहे. खानापूर तालुक्यात घराभोवती दोन एकर आवार आहे. दीड एकर सपाट, त्यात आंबा-काजूची झाडं. बाकीचं ओढ्याकडे उतरतं. तो उतार ब्रशकटरनेच कापणार, कारण झिरो टर्नची पुढची चाकं नुसती फिरती, ब्रेक आणि वळण सगळं मागच्या दोन चाकांवर. 15 अंशांहून जास्त उतारावर नेऊ नका, असं कंपन्याच सांगतात.

प्रश्न सपाट भागाचा आहे. एक टोक कापून होईस्तोवर दुसरं वाढलेलं असतं, आणि ऐन भातलावणीत गडी मिळत नाही. ढकलायचा मोवर वापरून पाहिला. ओल्या गवताचा लगदा पात्याभोवती चिकटतो आणि इंजिन बंद पडतं. झिरो टर्न झाडांभोवती जागच्या जागी वळतो, म्हणून मन तिकडे ओढतंय. बजेट पाच लाखांपर्यंत, पेट्रोल इंजिन चालेल.

जमिनीतून जांभ्याची टोकं वर आलेली आहेत. दाबीव पत्र्याचा 42 इंची डेक (पात्यांवरचं कवच) त्यावर टिकेल, की जाड प्लेट वेल्ड केलेलाच घ्यावा? जून ते सप्टेंबर चिखलात चाकं रुततात का? आणि मुख्य म्हणजे बेल्ट, पाती, स्पिंडल (पाती फिरवणारा दांडा) बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत कोणत्या मॉडेलचे हमखास मिळतात?